पाणी कमी, पकड जास्त: धान्याच्या स्टार्चपासून गम करायला शिकताना

जुलैचा दुसरा आठवडा होता. वसई पूर्वेच्या एका गाळ्यात दिवसभर खोके चिकटवून, थप्पी लावून आम्ही संध्याकाळी घरी गेलो. सकाळी वरचा खोका उचलला तर त्याचा जोड हातातच उघडला. त्याच्या खालच्याचाही उघडला. गम वाळलाच नव्हता. रात्रभर पाऊस, दोरीवरचा कपडा दोन दिवस ओला राहील अशी हवा आणि आमच्या गममध्ये शंभर किलोमागे नव्वद किलो पाणी. ते पाणी कागदातून निघून जाणार कुठे? हवा आधीच भरलेली होती.

त्यानंतर माझी बरीच वर्षं गमच्या पिंपापाशी गेली. नवीन मुलगा किंवा मुलगी कामाला आली की मी शिकवायला सुरुवात करते ती या पाण्यापासून. स्टार्चवर आम्ल, कॉस्टिक सोडा, हायपोक्लोराइट (म्हणजे क्लोरीनचं ब्लीच) घालून आपण जे काही करतो त्यामागे मुख्य हेतू एकच असतो: गम ओतता येईल इतपत पातळ राहावा, पण त्यात स्टार्च जास्त आणि पाणी कमी असावं. कोरड्या हवेच्या गावात पातळ खळही कशीबशी वाळते. मुंबईत जून ते सप्टेंबर ती वाळत नाही.

खालचे सगळे प्रयोग जास्तीत जास्त अर्धा किलो स्टार्चचे आहेत. क्रमाने करा. मधला एखादा गाळून पुढच्यावर उडी मारलीत तर काय सुधारलं हे कळायला तुमच्याकडे मोजमाप उरणार नाही.

आधी चीक आठवा

ज्यांच्या घरी कुरडया होतात त्यांनी स्टार्च काढताना पाहिलेलाच आहे. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक गाळायचा आणि रात्रभर ठेवून वरची निवळी ओतून टाकायची. तळाला बसलेला घट्ट पांढरा साका म्हणजे बहुतांशी गव्हाचा स्टार्च. फडक्यात उरतो तो कोंडा आणि गव्हातलं चिवट प्रथिन. मक्याच्या कारखान्यातही तत्त्व हेच आहे. तिथे मका सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात, किंचित सल्फर डायऑक्साइड घालून, तीस ते पन्नास तास भिजवतात आणि साका बसायची वाट न पाहता यंत्राने गरगर फिरवून स्टार्च वेगळा करतात.

आता चीक शिजतानाचा क्षण आठवा. दुधासारखा पांढरा पातळ चीक ढवळता ढवळता एकाएकी जड होतो आणि काचेसारखा दिसायला लागतो. आई म्हणायची, पांढरेपणा गेला की चीक शिजला. त्या क्षणी स्टार्चचा प्रत्येक दाणा पाणी पिऊन फुगलेला असतो. मक्याचा दाणा साधारण ६२ ते ७२ अंशांदरम्यान फुगतो, गव्हाचा थोडा आधी, तांदळाचा थोडा नंतर. फुगलेले दाणे एकमेकांना इतके खेटतात की दहा टक्के स्टार्च असला तरी पातेल्यातला डाव उभा राहतो. आपली अडचण नेमकी हीच आहे. त्याहून जास्त स्टार्च घालायला गेलं तर खळ ब्रशने लागत नाही आणि पाणी वाढवलं तर वाळत नाही.

दाण्याच्या आत ग्लुकोजच्या माळा असतात. काही सरळ लांब, त्यांना अमायलोज म्हणतात. काही झाडासारख्या फांद्या फुटलेल्या, त्या अमायलोपेक्टिन. साध्या मक्यात आणि गव्हात अमायलोज साधारण चौथा हिस्सा असतो. शिजवलेली खळ गार झाली की सरळ माळा एकमेकींशेजारी येऊन घट्ट जुळतात आणि मधलं पाणी बाहेर ढकलतात. रात्रीचा भात सकाळी टणक आणि मोकळा होतो तो यामुळेच, म्हणून तर फोडणीला शिळा भात बरा. भातात हे चांगलं असेल, पण गममध्ये याचा अर्थ असा की सकाळी पिंपात खरवसासारखी थरथरणारी वडी आणि तिच्याभोवती पाणी.

म्हणजे दोन गोष्टी साधायच्या आहेत. माळा तोडून आखूड करायच्या, म्हणजे कमी पाण्यात जास्त स्टार्च मावेल. आणि त्या गार झाल्यावर पुन्हा जुळू नयेत अशी काही व्यवस्था करायची.

माझे वडील परळच्या एका गिरणीत सायझिंग खात्यात होते. मागावर ताण्याचे धागे घासून तुटू नयेत म्हणून त्यांना खळ देणारं ते खातं. अंगठा आणि तर्जनीमध्ये खळीचा थेंब घेऊन, बोटं हळूच दूर नेऊन ते तार बघायचे, पाकाची बघतात तशी. मी आजही थर्मामीटर आणि फोर्ड कप (पातळपणा मोजायचा पेला) वापरल्यावर एकदा बोटांनी बघतेच. फक्त कॉस्टिक घातलेल्या गमची तार बोटांनी बघायची नसते, ते पुढे येईल.

स्टार्च कोणता

मक्याचा घ्या. सगळीकडे मिळतो, स्वस्त आहे आणि खाली दिलेली सगळी मापं त्याच्यासाठी आहेत. गव्हाचा स्टार्च फार सुंदर खळ देतो, पण महाग पडतो. तांदळाचा दाणा अगदी बारीक, त्यामुळे खळ रेशमी होते, पण धुताना तो लवकर खाली बसत नाही आणि नवख्याचा दिवस वाया जातो.

मैदा मात्र घेऊ नका. आकाशकंदील आणि पतंगाच्या खळीला मैदा उत्तम आहे. रासायनिक कामात त्यातलं प्रथिन फेस करतं, कॉस्टिकमध्ये पिवळं पडतं, वास मारतं. मैदा आणि स्टार्च या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि दुकानदार कधी कधी एकाच्या जागी दुसरी बांधून देतो. ओळख सोपी आहे: चमचाभर पिठात पाणी घालून मळा. कणकेसारखा चिवट गोळा झाला तर मैदा. स्टार्चचा गोळा दाबला की घट्ट वाटतो आणि सोडला की पसरतो.

सामान

काचेची उपकरणं, पीएच म्हणजे आम्ल-अल्कपणा मोजायच्या पट्ट्या आणि थर्मामीटर प्रिन्सेस स्ट्रीटला, म्हणजे आताच्या शामलदास गांधी मार्गावर मिळतात. रसायनांसाठी मस्जिद बंदरची वडगादी. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्याच, कारण कॉस्टिकमधला दोन ग्रॅमचा फरक गम बिघडवतो. फोर्ड कप, म्हणजे तळाला ठरावीक मापाचं भोक असलेला पेला, बी-४ नंबरचा घ्या. भरलेला कप किती सेकंदांत रिकामा होतो त्यावर पातळपणा मोजतात.

भांडी स्टीलची किंवा काचेची. ॲल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको, कॉस्टिक ते खातं आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो. डोळ्यांना बंद बाजूंचा चष्मा, हातात रबरी हातमोजे. आणि या कामाची भांडी, चाळणी, ओव्हन पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. चाळीच्या खोलीत, लहान मुलं वावरतात तिथे, साध्या खळीपलीकडचा एकही प्रयोग करू नका. गाळा, कॉलेजची प्रयोगशाळा किंवा उघडी गच्ची बघा.

पहिला प्रयोग: काहीही न घातलेली खळ

४५० मिली थंड पाण्यात ५० ग्रॅम स्टार्च कालवा. सतत ढवळत ९० अंशांपर्यंत न्या आणि दहा मिनिटं तिथेच ठेवा. कोणत्या तापमानाला खळ जड होऊ लागली ते वहीत लिहा. गरम असताना फोर्ड कप लावा, गार झाल्यावर पुन्हा लावायचा प्रयत्न करा. बहुधा तोवर ती वाहणारच नाही. खाकी क्राफ्ट कागदाच्या दोन पट्ट्या चिकटवून, वर वजन ठेवून, किती वेळाने ओढल्यावर कागदाचे तंतू फाटतात ते बघा. जोड सुटला तर गम नापास, कागद फाटला तर पास. ही कसोटी पुढे प्रत्येक वेळी लागणार आहे.

उरलेली खळ झाकून दोन दिवस तशीच ठेवा. पहिल्या दिवशी वडी आणि पाणी दिसेल. दुसऱ्या दिवशी बहुतेक आंबट वास येईल आणि खळ पातळ झालेली असेल, कारण जंतूंनी माळा तोडायला सुरुवात केली. स्टार्च तोडणं किती सोपं आहे हे त्या वासावरून कळतं. पुढे हेच तोडणं आपण मोजूनमापून, हवं तिथे थांबवत करायचं आहे.

दुसरा प्रयोग: कॉस्टिक आणि टंकणखार

खोक्यांच्या धंद्यातला हा मुख्य गम. १९३० च्या दशकात अमेरिकेत स्टाइन-हॉल पद्धत आली. त्याआधी पन्हाळीदार पुठ्ठा सोडियम सिलिकेटने चिकटवायचे. या पद्धतीची युक्ती मला अजूनही फार हुशारीची वाटते. स्टार्चचा लहानसा हिस्सा शिजवायचा आणि मोठा हिस्सा कच्चाच ठेवायचा. शिजलेला हिस्सा कच्च्या दाण्यांना तरंगत धरून ठेवतो. पुठ्ठ्याच्या यंत्रातले वाफेने तापलेले रोल गमच्या रेषेला ऊन देतात तेव्हा कच्चे दाणे तिथल्या तिथे फुगतात आणि गममधलं मोकळं पाणी पिऊन टाकतात. पाणी हवेत जायची वाट बघावीच लागत नाही. म्हणून पिंपात हा गम पातळ असतो, त्यात वीस-बावीस टक्के स्टार्च असतो आणि कागदावर तो काही क्षणांत धरतो.

कॉस्टिकचं काम दाणा लवकर फुगवणं. त्यामुळे मक्याचा फुगण्याचा बिंदू सत्तरच्या आसपासून साठच्या आसपास येतो. टंकणखाराचं, म्हणजे बोरॅक्सचं, काम माळांना अधूनमधून टाके घालणं. त्याने गमला लगेचची पकड येते आणि तो कागदात फार मुरत नाही.

करायचं असं. एका कपात ३० मिली थंड पाणी घ्या आणि त्यात ६ ग्रॅम कॉस्टिक सोडा थोडा थोडा टाकत विरघळवा. नेहमी पाण्यात कॉस्टिक, उलटं कधीच नाही. द्रावण चांगलंच तापतं, बाजूला ठेवा. कॉस्टिकच्या पापड्या आपल्या हवेत डबा उघडा राहिला की ओल धरून चिकटतात, मग तुम्ही सहा ग्रॅम मोजलेलं प्रत्यक्षात कमी भरतं. झाकण लगेच लावा.

पहिल्या भांड्यात २२० मिली पाणी आणि ४० ग्रॅम स्टार्च कालवून ५५ ते ६० अंशांपर्यंत तापवा. ढवळत ढवळत कॉस्टिकचं द्रावण धारेने सोडा. मिश्रण झपकन घट्ट आणि पारदर्शक होईल. साठीच्या आसपास ठेवून पंधरा मिनिटं जोरात ढवळा. मग १०० मिली थंड पाणी घालून निववा. हा झाला शिजलेला हिस्सा.

दुसऱ्या मोठ्या भांड्यात ५०० मिली साधं पाणी घ्या, त्यात ५ ग्रॅम बोरॅक्स विरघळू द्या आणि २१० ग्रॅम कच्चा स्टार्च गाठी न ठेवता कालवा. आता पहिलं भांडं दुसऱ्यात बारीक धारेने, वीस ते तीस मिनिटं घेत, सतत ढवळत ओता. घाई इथेच नडते. एकदम ओतलं तर जिथे कॉस्टिक जास्त पडलं तिथले कच्चे दाणे फुगून गाठी होतात आणि त्या पुन्हा मोडत नाहीत.

शेवटी तापमान ४० अंशांच्या खाली असलं पाहिजे. मे महिन्यात गाळ्याच्या पत्र्याखाली टाकीतलं पाणीच पस्तीसला पोचलेलं असतं. अशा वेळी दुसऱ्या भांड्याचं पाणी माठातलं किंवा बर्फाने गार केलेलं वापरा. चाळिशी ओलांडली की कच्चा हिस्साही हळूहळू फुगू लागतो आणि तासाभरात अख्खं भांडं लापशी होतं. मी एकदा पूर्ण पिंप असं घालवलं आहे.

फुगण्याचा बिंदू तपासायला थोडा गम परीक्षानळीत घ्या, नळी ७५ अंशांच्या पाण्यात बुडवा आणि आत थर्मामीटरने ढवळत राहा. ज्या आकड्याला गम एकदम जड होतो तो तुमचा बिंदू. ५८ ते ६२ मध्ये आला तर छान. वर गेला तर पुढच्या वेळी कॉस्टिक अर्धा ग्रॅम वाढवा. फार वाढवलंत तर क्राफ्ट कागदावर तपकिरी डाग उठतात.

रोल नसले तरी घरची जुनी इस्त्री चालते. पट्टीवर गमची बारीक रेघ ओढा, दुसरी पट्टी ठेवा आणि मध्यम गरम इस्त्री पाच ते दहा सेकंद दाबा. लगेच ओढून बघा. पहिल्या प्रयोगातल्या खळीला लागलेला वेळ वहीत आहेच, तो शेजारी ठेवा.

या गमचा पीएच बाराच्या आसपास असतो. डोळ्यात उडाला तर नळाखाली निदान पंधरा मिनिटं डोळा धुवायचा आणि सरळ दवाखाना गाठायचा. बोरॅक्सबद्दलही मी मुलांना मोघम सांगत नाही. युरोपीय संघाने २०१० मध्ये ते प्रजननाला अपायकारक म्हणून गंभीर काळजीच्या रसायनांच्या यादीत घातलं आहे. मोजताना धूळ उडू देऊ नका, गरोदर बाईला हे काम देऊ नका आणि शाळेच्या हस्तकलेच्या गममध्ये ते घालू नका.

तिसरा प्रयोग: डेक्स्ट्रिन

पाकिटाच्या झाकणाला लावलेला, जिभेने ओला केला की चिकटणारा गम, बाटल्यांची लेबलं, कागदी नळ्या, हे डेक्स्ट्रिनचं, म्हणजे भाजलेल्या स्टार्चचं, राज्य. १८२१ साली डब्लिनच्या एका कापड गिरणीला आग लागली, गोदामातला स्टार्च भाजून तपकिरी झाला आणि विझवायच्या पाण्यात मिसळून तो चिकट गम झाल्याचं एका कामगाराच्या लक्षात आलं, अशी हकीकत या धंद्यात सांगतात. कोरड्या उष्णतेने माळा तुटतात आणि तुकडे नव्या जागी फांद्यांसारखे पुन्हा जोडले जातात. फांद्या वाढल्या की गार झाल्यावर माळा शेजारी शेजारी जुळू शकत नाहीत. आपल्याला हव्या असलेल्या दोन्ही गोष्टी भाजण्याच्या एकाच कृतीत होतात.

तीन प्रकार लक्षात ठेवा. आम्ल घालून ११० ते १३० अंशांना काही तास भाजलं की पांढरं डेक्स्ट्रिन. आम्ल घालून १५० च्या वर नेलं की पिवळं, ते जास्त विरघळतं. आम्ल जवळजवळ न घालता १७० ते १९० अंशांना खूप वेळ भाजलं की ब्रिटिश गम, गडद रंगाचा. नवख्याने पांढऱ्यापासून सुरुवात करावी.

सुरुवात ओलाव्यापासून. बंद पिशवीतल्या मक्याच्या स्टार्चमध्ये साधारण १२ टक्के पाणी असतंच, पावसाळ्यात उघडी राहिली तर आणखी वाढतं. आम्ल, उष्णता आणि पाणी तिन्ही एकत्र आली तर माळा पार साखरेपर्यंत तुटतात आणि गमऐवजी चिकट, ओल धरणारा पाक हाती येतो. म्हणून आधी वाळवायचं, मग भाजायचं.

२५ मिली पाण्यात दीड मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घाला, पाण्यात आम्ल, आणि ते उघड्या हवेत करा. झाडांवर पाणी मारायच्या फवाऱ्याने हे द्रावण ५०० ग्रॅम स्टार्चवर, हाताने खालीवर करत, धुक्यासारखं मारा. नायलॉनच्या चाळणीतून दोनदा चाळा, कारण लोखंडी जाळी गंजते आणि डेक्स्ट्रिनला रंग देते. काचेच्या बरणीत झाकून रात्रभर ठेवा, म्हणजे आम्ल सगळ्या दाण्यांत सारखं पोचतं. हा रात्रभराचा मुक्काम मी कधीच टाळत नाही. टाळला तर एका मुठीत जळकं डेक्स्ट्रिन आणि दुसऱ्या मुठीत कच्चा स्टार्च मिळतो.

सकाळी ट्रेमध्ये एक सेंटीमीटर जाडीचा थर पसरून ६० अंशांना दोन तास, अधूनमधून उलथत, वाळवा. मग तापमान हळूहळू १२० वर न्या. दर पंधरा मिनिटांनी ट्रे काढून उलथा, कारण लहान ओव्हनमध्ये कोपरे जास्त तापतात. आम्लाची वाफ निघते, खिडक्या उघड्या हव्यात. आणि या वेळी गॅसची ज्योत, विडी, ठिणगी यांतलं काहीही जवळ नको. हवेत उडालेली कोरड्या स्टार्चची धूळ पेट घेऊन स्फोट होतो. चाळताना पंखाही बंद ठेवा.

पहिल्या तासानंतर दर अर्ध्या तासाने चिमूटभर काढून थंड पाण्यात टाका आणि औषधाच्या दुकानातलं आयोडीन पाण्याने खूप पातळ करून त्याचा एक थेंब सोडा. कच्चा स्टार्च शाई-निळा होतो. माळा आखूड होत गेल्या की रंग जांभळ्याकडे झुकतो, फार पुढे गेलं की तांबूस. पांढऱ्या डेक्स्ट्रिनसाठी निळा-जांभळा रंग आणि बऱ्यापैकी गढूळ पाणी एवढ्यावर थांबा. साधारण तीन ते चार तास लागतात. थांबायचं ठरलं की ट्रेमधून लगेच गार स्टीलच्या परातीत पसरा. गरम ढीग तसाच ठेवला तर आतून भाजत राहतो.

गम करताना १०० ग्रॅम पांढरं डेक्स्ट्रिन १५० मिली पाण्यात ८५ अंशांना अर्धा तास शिजवा, मग १० ग्रॅम बोरॅक्स घाला आणि कॉस्टिकचे मोजके थेंब टाकून पीएच नऊच्या आसपास आणा, म्हणजे उरलेलं आम्लही संपतं. हिशेब करा: पहिल्या खळीत दहा टक्के स्टार्च होता, इथे जवळजवळ चाळीस टक्के घन भाग आहे आणि गम वाहतो आहे. पिवळं डेक्स्ट्रिन असेल तर त्याच्याइतकंच पाणी पुरतं. जुलैतल्या त्या खोक्यांच्या वेळी मला हे माहीत असतं तर त्या थप्पीचे जोड उघडले नसते.

चौथा प्रयोग: हायपोक्लोराइट, पण एकट्याने नाही

हायपोक्लोराइट घालून केलेला ऑक्सिडाइज्ड स्टार्च पांढराशुभ्र असतो, त्याची खळ निवळ असते आणि गार झाल्यावर वडी होत नाही. हायपोक्लोराइट माळा तोडतं आणि तोडता तोडता त्यांच्यावर कार्बोक्सिल नावाचे अणूंचे गट बसवतं. हे गट जागा अडवतात, एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून माळा जुळत नाहीत. कागद गिरण्या हा स्टार्च कागदाच्या पृष्ठभागाला द्यायला वापरतात.

हा प्रयोग मी फक्त प्रयोगशाळेत, रसायनशास्त्र शिकलेलं कुणीतरी शेजारी उभं असतानाच करू देते. ५०० ग्रॅम स्टार्च ७५० मिली पाण्यात कालवतात आणि पातळ कॉस्टिकने पीएच नऊ ते साडेनऊ ठेवतात. दहा-बारा टक्क्यांचं ताजं हायपोक्लोराइट सुमारे १०० मिली, तासभर घेत, हळूहळू घालतात. तापमान ३० ते ३५ च्या वर जाऊ देत नाहीत. क्रिया स्वतःच उष्णता सोडते, म्हणून बादलीभोवती बर्फ लागतो. पीएच सारखा खाली येत राहतो, तो कॉस्टिकने वर आणत राहायचा. दोन-तीन तासांनी सोडियम बायसल्फाइट घालून उरलेलं हायपोक्लोराइट संपवतात. पोटॅशियम आयोडाइड-स्टार्चची पट्टी निळी होईनाशी झाली म्हणजे ते संपलं.

त्यानंतरच, आणि त्याआधी कधीही नाही, आम्लाने पीएच साडेसहावर आणायचा. हायपोक्लोराइट शिल्लक असताना आम्ल पडलं तर क्लोरीन वायू बाहेर पडतो, आणि बंद गाळ्यात तो जीव घेऊ शकतो. मग मलमलच्या फडक्यातून गाळून, तीन वेळा धुऊन वाळवायचं. दाणा अख्खाच राहतो, म्हणून धुता येतो. डेक्स्ट्रिन असं धुता येत नाही, ते पाण्याबरोबरच निघून जातं.

हायपोक्लोराइटचा कॅन विकत घेताना तारीख बघा. आपल्या उष्म्यात त्याची ताकद आठवड्या-आठवड्याला घटते आणि मागच्या महिन्याच्या मापाने ते पुरत नाही.

गम टिकवणं आणि पिंप धुणं

डेक्स्ट्रिनचा किंवा साधा गम आपल्याकडे दोन दिवसांत आंबतो. पुस्तकं बांधणारे जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे, त्याने बुरशी आणि कसर दूर राहते, पण ते विषारी आहे. फॉर्मेलिन स्वस्त असतं म्हणून आजही वापरलं जातं. ते कर्करोग करतं, मी ते गाळ्यात येऊ देत नाही. नवशिके हटकून सोडियम बेंझोएट आणतात, कारण ते लोणच्यात आणि सरबतात चालतं. तिथे चालतं ते आंबटपणामुळे. पीएच नऊच्या गममध्ये त्याचा काही उपयोग होत नाही. अल्कधर्मी गमसाठी वेगळी जंतुनाशकं येतात, विकणाऱ्याला गमचा पीएच सांगून मागा. त्याहून चांगलं म्हणजे दिवसाला लागेल तेवढाच गम करा.

जुनी पोथी किंवा दस्तऐवज चिकटवायचा असेल तर यातलं काहीच वापरू नका. कागदाचं जतन करणारे शुद्ध गव्हाच्या स्टार्चची ताजी खळ वापरतात, काहीही न मिसळलेली, कारण पन्नास वर्षांनी कुणाला तो जोड पाण्याने अलगद सोडवता आला पाहिजे. तिथे आपला पहिला प्रयोगच योग्य आहे.

कॉस्टिकचं आणि क्लोरीनचं धुवण गाळ्याबाहेरच्या गटारात सोडू नका, ते पुढे खाडीत जातं. आधी पातळ आम्लाने पीएच सात-आठवर आणा, साका बसू द्या. क्लोरीनचं धुवण असेल तर आम्लाआधी बायसल्फाइट आणि पट्टी, वर सांगितलं तसंच. विक्रीसाठी गम करायचा ठरलात तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आधी घ्या, यंत्र नंतर.

पिंप रोज संध्याकाळी रिकामं करून, कडांवरचा वाळलेला थर खरवडून, गरम पाण्याने धुवा आणि पालथं ठेवा. आदल्या दिवशीचा चमचाभर आंबलेला गम तळाला राहिला तर दुसऱ्या दिवशीचा सगळा गम दुपारपर्यंत पातळ होतो, आणि मग नवशिका मापं पुन्हा पुन्हा तपासत बसतो.